पेटंट काढू का? कोड लिहायला लागलेल्यांसाठी कॉपीराइट, लायसन्स आणि पेटंट कायद्याचं कलम ३(के)

"दादा, ॲप तयार आहे. पेटंट काढायचंय, किती खर्च येईल?" इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली हा प्रश्न घेऊन येतात. तोंडात शब्द पेटंटचा असतो, मनात असतो कॉपीराइट, आणि बहुतेकांना त्या घडीला खरी गरज असते ती एका पानाच्या लेखी कराराची. मी वकील नाही. लहान दुकानदार आणि कारखानदारांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि या कायद्यांशी माझी गाठ कामातूनच पडली. मोठा पैसा गुंतला असेल तर वकील गाठाच. पण त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, तेवढं तरी आपल्याला माहीत हवं.

आधी वस्तू वेगवेगळ्या करा

समजा, किराणा दुकानाची उधारी लिहिणारं ॲप तुम्ही बनवलंय. वहीच्या एका पानावर त्यातल्या सगळ्या वस्तूंची यादी करा. तुम्ही लिहिलेला कोड, पडद्यावरची चित्रं, मदतीचा मजकूर: हे सगळं कॉपीराइटमध्ये येतं. ॲपचं नाव आणि चिन्ह ट्रेडमार्कमध्ये येतं. इंटरनेटवरून घेतलेल्या लायब्ररी (तयार कोडचे संच) आणि फाँट दुसऱ्याचे आहेत, त्यांच्या अटींवर वापरलेले. आणि 'उधारी महिनाभर थकली की गिऱ्हाइकाला आपोआप संदेश जावा' ही कल्पना? ती कोणाचीच नाही, किंवा सगळ्यांची आहे.

कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात संगणक प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो. म्हणजे कायद्याच्या लेखी तुमचा कोड आणि एखादी कादंबरी एकाच फळीवर आहेत. लिहिल्या क्षणी हक्क तयार होतो, अर्ज करावा लागत नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. मात्र तो तुम्ही लिहिलेल्या ओळींचं रक्षण करतो, त्यामागच्या कल्पनेचं नाही. शेजारच्या गल्लीतल्या मुलीने तुमचं ॲप पाहिलं आणि तसंच ॲप स्वतःच्या कोडने पहिल्यापासून लिहिलं, तर कॉपीराइट तिला अडवत नाही.

पेटंट अडवतं. पेटंट २० वर्षांचं असतं आणि ते काम करण्याच्या पद्धतीवरच हक्क देतं. तिने तुमचं ॲप कधी पाहिलंही नसेल, स्वतःच्या डोक्याने त्याच उत्तराला पोचली असेल, तरी ती उल्लंघन करणारीच ठरते. सॉफ्टवेअर पेटंटवरून जगभर इतकी वर्षं जे भांडण चाललंय, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे. चोरी न करताही माणूस दोषी ठरतो.

कोडचा मालक कोण, हे लेखी करा

नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड कंपनीचा. कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तसं सांगतं. उलट काही ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम' अशी ओळ आहे का, ते बघा. ही ओळ तुमच्या रविवारच्या छंदालाही गिळू शकते. ती बदलून मागायला संकोच वाटू देऊ नका.

फ्रीलान्स कामाचं गणित उलटं आहे. तिथे तुम्ही कोणाचे नोकर नसता. गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे दिले तरी, लेखी हस्तांतर झालं नसेल, तर कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. हे दोन्ही पक्षांना माहीत नसतं आणि तिथूनच वाद सुरू होतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका वर्कशॉपसाठी मालाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. करार फोनवरच झाला होता. वर्षभराने मालक म्हणाले, "सोर्स कोड द्या, आता पुढचं काम भाच्याकडून करून घेणार." मी म्हटलं, कोड माझा आहे. ते म्हणाले, पैसे आम्ही दिलेत. कायद्याने मी बरोबर होतो, पण कागद नसल्यामुळे शेवटचा हप्ता बुडाला आणि चांगला माणूसही दुरावला. दोघांचंही नुकसान झालं, आणि ते टाळायला अर्धा तास पुरला असता.

तो अर्धा तास असा वापरा. काय देतोय ते लिहा: फक्त वापरण्याचा परवाना की मालकी. किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी, तेही लिहा. कारण कलम १९ सांगतं की हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. नाशिकच्या गिऱ्हाइकाचं दुबईत ऑफिस असेल तर हे दोन शब्द फार महागात पडतात. सगळीकडे वापरायला तुम्ही स्वतः घडवलेली लायब्ररी असेल, तर तिची मालकी देऊ नका, वापराचा परवाना द्या. नाहीतर पुढच्या कामात आपलाच कोड आपल्याला वापरता येणार नाही.

दुसऱ्याचं घेताना लायसन्सची फाइल उघडा

प्रत्येक चांगल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'लायसन्स' नावाची एक फाइल असते. नवी मुलं ती उघडतच नाहीत. एमआयटी लायसन्स उघडून बघा, पडदाभर मजकूर आहे, तीन मिनिटांत वाचून होतो. कोड वापरा, बदला, विका, फक्त ही सूचना आणि मूळ कॉपीराइटची ओळ सोबत ठेवा, एवढंच तो मागतो. अपाची २.० थोडा लांब आहे, पण त्यात एक कलम मोलाचं आहे. कोड देणारा त्या कोडपुरता आपल्या पेटंटचाही परवाना देतो, आणि तुम्ही त्याच कोडवरून पेटंटचा दावा ठोकलात तर तो परवाना संपतो. एमआयटीत पेटंटचं नावच नाही.

जीपीएल या तिसऱ्या लायसन्सची अट वेगळी आहे. जीपीएलचा कोड घालून केलेलं सॉफ्टवेअर तुम्ही दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा सोर्स कोड त्याच अटींवर द्यावा लागतो. पुष्कळ जण याला घाबरतात. मला ही अट न्याय्य वाटते. ज्यांनी दिलं, त्यांनी पुढच्यालाही मिळावं म्हणून दिलं. तुम्हाला ते नको असेल तर तो कोड घेऊ नका, पण घेऊन लपवू नका.

गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, लायसन्सच नसलेला कोड दिसला तर? तो उघड्यावर ठेवलाय म्हणजे परवानगी दिली असं नाही. लायसन्स नाही याचा कायदेशीर अर्थ 'सर्व हक्क राखीव'. लेखकाला एक ओळ लिहून विचारा. माझा अनुभव असा की बहुतेक जण आनंदाने लायसन्स जोडून देतात. तुमचं स्वतःचं काम टाकतानाही पहिल्याच दिवशी लायसन्स जोडा.

मराठी ॲप करणाऱ्यांसाठी फाँटचं खास सांगतो. 'एक टाइप' या मुंबईच्या गटाने केलेले 'मुक्त' आणि 'बालू', तसंच 'लोहित देवनागरी' हे फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. ॲपमध्ये घाला, पैसे मिळवा, हरकत नाही. फक्त फाँट एकटा विकायचा नाही, लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा आणि फाँट बदललात तर करणाऱ्याने राखून ठेवलेलं मूळ नाव वापरायचं नाही. याउलट डीटीपीच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आलेला फाँट कुठून आला ते विचारा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचंही तसंच. कलम ६३बी नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. ऑफिस म्हणजे धंदाच.

कायदा वापरणाऱ्याच्या बाजूनेही बोलतो. कलम ५२ नुसार कायदेशीर प्रतीचा बॅकअप घेणं उल्लंघन नाही. आपला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी जोडण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यापुरतं त्याचं पोट उघडून बघणंही उल्लंघन नाही. अमेरिकेत याच्याच जवळचा प्रश्न दहा वर्षांहून जास्त लढला गेला. अँड्रॉइडसाठी गूगलने जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जोडणीच्या सुमारे ११,५०० ओळी घेतल्या, जावाची मालक असलेल्या ओरॅकलने दावा केला, आणि एप्रिल २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी तो वापर रास्त ठरवला.

नोंदणी हवी असेल तर

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण वाद कोर्टात गेला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. अर्ज ऑनलाइन होतो, साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये. सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं काही न झाकता द्यावी लागतात. एकूण २० पानांपेक्षा कमी असेल तर सगळाच कोड द्यायचा. त्यामुळे पासवर्ड आणि किल्ल्या कोडमध्ये लिहून ठेवायची सवय असेल तर आधी ती मोडा. अर्जावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. बाकी यात अवघड काही नाही.

पेटंटचा विचार असेल तर आधी तोंड बंद ठेवा

हॅकेथॉनमध्ये बक्षीस मिळवलं, व्हिडिओ टाकला, कोड उघडा केला आणि मग पेटंटची चौकशी सुरू केली, हा क्रम मी अनेकदा पाहिलाय. पेटंटला नावीन्य लागतं, आणि तुम्ही स्वतः जाहीर केलेली गोष्टही जुनी ठरते. सवलती आहेत, पण फार अरुंद. म्हणून काही खरोखर वेगळं सापडलंय असं वाटत असेल, तर जाहीर करण्याआधी तात्पुरतं तपशीलपत्र दाखल करा आणि १२ महिन्यांत पूर्ण तपशीलपत्र द्या. व्यक्ती किंवा स्टार्टअप यांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीचं ४,००० रुपये, वकिलाची फी वेगळी. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. इथे राहणाऱ्याला थेट परदेशात अर्ज करायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते, किंवा भारतात अर्ज करून ६ आठवडे थांबावं लागतं. परदेशी गुंतवणूकदाराच्या घाईत हे विसरू नका, ते गुन्ह्यात मोडतं.

पण या सगळ्याआधी कलम ३(के) वाचा. १९७०च्या पेटंट कायद्यात हे कलम २००२च्या दुरुस्तीने आलं. गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, 'पर से' म्हणजे निव्वळ संगणक प्रोग्रॅम, आणि अल्गोरिदम हे शोध मानले जाणार नाहीत, असं ते सांगतं. आपल्याकडचा सगळा वाद या 'निव्वळ'भोवती फिरतो. तो समजायला अमेरिकेतली दोन प्रकरणं समोरासमोर ठेवा. १९८१च्या डीअर प्रकरणात रबर साच्यात शिजवताना आतलं तापमान सतत मोजून, सूत्राने वेळ काढून, प्रेस नेमक्या क्षणी उघडायची पद्धत होती. पेटंट चाललं. २०१४च्या ॲलिस प्रकरणात दोन पक्षांच्या व्यवहारात मध्यस्थाने हमी धरायची जुनी रीत संगणकावर चालवली होती. पेटंट पडलं. पहिल्यात संगणकाबाहेर काहीतरी सुधारलं, रबर नीट शिजलं. दुसऱ्यात संगणक फक्त वापरला. उधारीचं ॲप दुसऱ्या गोटात बसतं. तुमच्या कामाने यंत्राचं, मेमरीचं, सिग्नलचं वागणं खरोखर सुधारत असेल, तरच पुढचा खर्च करा.

दावा वाचायला शिका

पेटंटच्या कागदाचं नाव आणि सारांश वाचून घाबरायचं किंवा संतापायचं नसतं. हक्क असतो शेवटच्या क्रमांकित 'दाव्यां'मध्ये. प्रत्येक दाव्याचे तुकडे पाडा, एका ओळीवर एक. तुमच्या उत्पादनात त्यातला प्रत्येक तुकडा असेल तरच उल्लंघन. एक जरी गळला, तर साधारणपणे नाही.

ॲमेझॉनचं एका क्लिकच्या खरेदीचं पेटंट घ्या. अर्ज सप्टेंबर १९९७चा, मंजुरी सप्टेंबर १९९९ची. दाव्याचे तुकडे पाडले तर साधारण असं दिसतं: वस्तूची माहिती पडद्यावर दाखवणं, एकाच कृतीने खरेदीदाराच्या ओळखीसह विनंती सर्व्हरला पाठवणं, सर्व्हरने आधी साठवलेली माहिती काढून ऑर्डर तयार करणं, आणि मधे खरेदीच्या टोपलीची पायरी नसणं. ॲमेझॉनने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर खटला भरला आणि डिसेंबर १९९९मध्ये मनाई हुकूम मिळवला. बार्न्स अँड नोबलने काय केलं? खरेदी पक्की करण्याचा आणखी एक क्लिक वाढवला. 'एकाच कृतीने' हा तुकडा गळला. मनाई हुकूम पुढे वरच्या न्यायालयाने २००१मध्ये रद्द केला, पण मधला नाताळचा हंगाम गिऱ्हाईक एक जादा क्लिक करत राहिलं, आणि पेटंट २०१७पर्यंत जगलं. पेन्सिल घेऊन तुकडे पाडायच्या सरावाला हे पेटंट उत्तम आहे. तीन-चार वेळा केलंत की बातम्यांमधलं 'अमक्याने तमक्याचं पेटंट घेतलं' हे वाक्य तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचाल.

आणि जीआयएफची गोष्ट लक्षात ठेवा. १९८७ साली आलेला हा चित्रांचा फॉरमॅट लोक मोकळेपणी वापरत होते. फाइल लहान करायची आतली रीत (कॉम्प्रेशन) युनिसिस या कंपनीच्या पेटंटखाली होती, आणि १९९४च्या अखेरीला सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे परवान्याच्या पैशांची मागणी आली. त्या धक्क्यातून लोकांनी एकत्र येऊन पीएनजी हा चित्रांचा नवा फॉरमॅट घडवला. आज तुम्ही तो रोज वापरता.

कलम ३(के) टिकलं कसं, ते माहीत असू द्या

२००४च्या डिसेंबरअखेरीस सरकारने वटहुकूम काढून ३(के) सैल केलं. उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरची जोड असेल तर प्रोग्रॅमला पेटंट मिळावं, असा तो बदल होता. संसदेत आणि बाहेर विरोध झाला, आणि २००५चा दुरुस्ती कायदा करताना संसदेने तो बदल गाळला. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपीय संसदेनेही सॉफ्टवेअर पेटंटचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

मग लढाई अर्ज तपासण्याच्या मार्गदर्शक सूचनांवर आली. पेटंट कार्यालयाने ऑगस्ट २०१५मध्ये काढलेल्या सूचना बऱ्याच सैल होत्या. सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर, आयस्पिरिट अशा संस्थांनी हरकत घेतली, डिसेंबरमध्ये त्या स्थगित झाल्या, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये नव्या सूचना आल्या. त्यांत हार्डवेअरही नवं हवं, अशी कसोटी होती. जून २०१७मध्ये ती कसोटी गेली. २०१९मध्ये फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 'निव्वळ' या शब्दावर बोट ठेवलं: शोधातून तांत्रिक परिणाम होत असेल, तर केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून तो नाकारता येणार नाही. २०२५मध्ये मसुदे लोकांपुढे ठेवून, अभिप्राय मागवून सूचना पुन्हा बदलल्या.

पेटंटच्या बाजूचं म्हणणंही नीट ऐका. वर्षानुवर्षं सिग्नलवर किंवा वैद्यकीय प्रतिमांवर संशोधन करणाऱ्याने हार्डवेअरमध्ये तेच केलं तर पेटंट मिळतं, मग कोडमध्ये केलं तर का नाही, हा प्रश्न खोटा नाही. तरीही मी ३(के)च्या बाजूचा आहे. सॉफ्टवेअर विटेवर वीट ठेवून उभं राहतं, आणि दोन माणसांच्या दुकानाला प्रत्येक विटेचे दस्त तपासणं जमणार नाही. मोठ्या कंपन्या पेटंटची अदलाबदल करून सुटतात. इचलकरंजीतल्या पोराकडे अदलाबदल करायला काय आहे? त्याच्या कामाला कॉपीराइटचं संरक्षण आहे, आणि ते पुरेसं आहे.

हरकत घ्यायला शिका

अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं, फुकट वाचता येतं, आणि इन्पास या सरकारी शोधयंत्रावर अर्जदाराच्या नावाने किंवा शब्दाने शोधताही येतं. प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही हरकत घेऊ शकतं, आणि पहिल्या ६ महिन्यांत मंजुरी देता येत नाही. यासाठी ७ए नंबरचा फॉर्म आहे. २०२४च्या नियमांनी त्याला शुल्क लावलंय, म्हणून विचार करून, शक्य तर चार-पाच जणांनी मिळून घ्या. मंजुरीनंतर मात्र वर्षभराच्या आत आणि हितसंबंध असलेल्यालाच हरकत घेता येते.

याहूच्या जाहिरात-शोधाच्या अर्जाला मुंबईच्या रीडिफ या इंटरनेट कंपनीने असाच मंजुरीपूर्वी विरोध केला होता. २०११मध्ये तेव्हाच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने ती व्यवसायाची पद्धत असल्याचं सांगून पेटंट नाकारलं.

हरकतीत भावना चालत नाही, तारीख चालते. दाव्याचे तुकडे डाव्या रकान्यात लिहा. उजव्या रकान्यात प्रत्येक तुकड्यासमोर तीच गोष्ट अर्जाच्या तारखेआधी कुठे जाहीर झाली होती ते लिहा: जुन्या सॉफ्टवेअरचं माहितीपुस्तक, छापील लेख, सार्वजनिक रिपॉझिटरीतली तारखेसह नोंद, जतन केलेलं वेबपान. पुरावा मराठी माहितीपत्रकात असला तरी तो पुरावाच आहे, भाषांतर जोडा. मग ३(के)खालचा मुद्दा वेगळा मांडा: संगणकाबाहेर किंवा संगणकाच्या आत नेमकं काय सुधारतंय, आणि ते दाव्यात लिहिलंय की फक्त वर्णनात? बरेचदा तांत्रिक परिणामाची चार पानं वर्णनात असतात आणि दाव्यात त्याचा एक शब्दही नसतो. तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं लक्ष तिथे वेधा.

येत्या शुक्रवारी जर्नल उघडा, तुमच्या रोजच्या कामातला एक शब्द शोधा आणि सापडलेल्या पहिल्या अर्जाचा पहिला दावा वहीत तुकड्या-तुकड्याने उतरवून काढा.